बंदुकीसाठी अलार्म घेताय? आधी विचारा, तो वाजला तर येणार कोण

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. मूळचे सोलापूरचे, पण इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर ते क्ले पिजन शूटिंगला जाऊ लागले. यंत्रातून हवेत उडवलेल्या चकत्यांवर शॉटगननं नेम धरायचा, असा हा खेळ. आधी एक बंदूक होती, मग दुसरी आली. पुढं क्लबातल्या एका वयस्कर मित्रानं खेळ सोडला, तेव्हा त्याच्या चार बंदुकाही रीतसर यांच्या परवान्यावर आल्या. नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांचा माणूस घर बघून गेला आणि मागाहून पत्र आलं की आता अलार्म बसवा.

मी गेली सोळा वर्षं इथे घरांना, दुकानांना, शेतघरांना अलार्म बसवतो. त्यामुळे डॉक्टरांचा फोन मलाच आला. "अरे, जरा येऊन जा. अलार्म मी मागवून ठेवलाय, तू फक्त लावून दे."

जेवणाच्या टेबलावर खोकं उघडून ठेवलेलं होतं. दोन सेन्सर, एक कॅमेरा, पांढरा भोंगा, मोबाइलवर ॲप. वस्तू वाईट नव्हती. पण बाजूलाच पडलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'ग्रेड २, पीडी ६६६२ प्रमाणे, मॉनिटर्ड, पोलिस प्रतिसादासह'. त्या ओळीतली एकही गोष्ट खोक्यातला अलार्म पुरी करत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "यातला एक शब्द मला कळला असेल तर शपथ." बंदुका बाळगणारे माझे इंग्रज गिऱ्हाईकही अगदी हेच म्हणतात.

त्यात आता नवी भर पडली आहे. ब्रिटनमधल्या तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनी ३१ जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत, आणि हजारो घरांचे अलार्म अजून त्याच तारेवर बोलतात. म्हणून हा लेख. इथे राहणाऱ्या, शूटिंग करणाऱ्या किंवा शेतघर घेतलेल्या मराठी मंडळींना उपयोगी पडावा आणि बाकीच्यांनाही हे प्रकरण समजावं, एवढाच हेतू.

कायदा नेमकं काय मागतो

ब्रिटनमधला मूळ कायदा १९६८ चा फायरआर्म्स ॲक्ट. (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.) शॉटगनसाठी एक परवाना, रायफलसाठी दुसरा, दोन्हींची मुदत ५ वर्षं. १९९८ च्या नियमांनुसार परवान्यावर एक अट छापलेली असते. तिचा अर्थ असा: बंदूक अशी ठेवा की, शक्य असेल तिथवर, परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ती लागू नये.

अट एवढीच. अलार्म हा शब्दही तिच्यात नाही, आणि किती बंदुकांनंतर काय बसवायचं याचा आकडाही नाही. शेजारच्या आयर्लंडनं २००९ मध्ये नियम करून बंदुकांच्या संख्येप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे पायऱ्या ठरवून टाकल्या. ब्रिटननं ते काम पोलिसांच्या पारखीवर सोडलं आहे. ही पारख करणाऱ्या माणसाला फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर म्हणतात. तो घरी येतो, कपाट हलवून बघतो, दारं-खिडक्या बघतो, शेजार किती लांब आहे हे बघतो.

त्याच्या हाताशी गृह खात्याची सुरक्षेवरची एक पुस्तिका असते. तिच्यात तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला चांगलं कपाट आणि दारांना चांगली कुलपं पुरतात. बहुतेक परवानाधारक याच पातळीवर असतात आणि त्यांना अलार्म लागत नाही. हे आवर्जून सांगतो, कारण घाबरून अलार्म घेणारेही मी पाहिले आहेत. बंदुका वाढल्या, घर एकाकी जागी असलं किंवा त्या भागात घरफोड्या होत असल्या, की दुसरी पातळी येते आणि अलार्मची गोष्ट निघते. तिसऱ्या पातळीला अलार्म नुसता असून भागत नाही, त्यावर चोवीस तास कुणाची तरी नजर लागते.

म्हणून पहिला सल्ला: आधी त्या ऑफिसरशी बोला आणि काय हवं ते लेखी घ्या. खरेदी त्यानंतर.

कपाट, घड्याळ आणि गिरमिट

बंदुकीच्या कपाटाचं ब्रिटिश मानक आहे बीएस ७५५८. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का असतो तसा हा शिक्का समजा. साधारण २ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, आत वळवलेल्या कडा, चांगल्या प्रतीची कुलपं, आणि कपाट विटांच्या भिंतीला आतून बोल्ट मारून आवळलेलं. हे सगळं भक्कम असतं, पण अभेद्य कपाट कुणी अजून बनवलेलं नाही. पुरेसा वेळ आणि योग्य हत्यार मिळालं, तर पत्रा फाटतोच.

म्हणजे कपाट मिळवून देतं ती काही मिनिटं. त्या मिनिटांत कुणी येणार नसेल, तर चोराला घाई करायचं कारण नाही. तो चहा करून पिईल आणि पुन्हा कामाला लागेल. अलार्मची गरज इथे लागते. अलार्म चोराला धरत नाही की अडवत नाही. तो घड्याळ सुरू करतो. चोर आत शिरल्याचं कुणाला तरी कळलं, तिथून ते कुणीतरी दारात पोचेपर्यंतचा वेळ एका बाजूला. चोराला कपाटापर्यंत पोचायला आणि ते फोडायला लागणारा वेळ दुसऱ्या बाजूला. दुसरा वेळ पहिल्यापेक्षा जास्त ठेवायचा, यासाठी सगळा खटाटोप.

एकदा हे ध्यानात आलं की निवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. समजा, सेन्सर फक्त कपाटाच्या दारावर लावला. म्हणजे चोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला, जिना चढला, खोल्या धुंडाळल्या, कपाट सापडलं, ते फोडलं, दार उघडलं आणि मग घड्याळ सुरू झालं. तोवर सगळं आटोपलेलं आहे. तोच सेन्सर खिडकीशी असता तर घड्याळ कितीतरी आधी सुरू झालं असतं. गावाकडे शेताची राखण करणारा माणूस मचाण बांधावर बांधतो, कणगीच्या तोंडाशी बांधत नाही. तसंच हे आहे. माझं स्वतःचं गणित असं: बाहेरची दारं आणि हाताशी येणाऱ्या खिडक्या, मग वाटेतला जिना किंवा बोळ, आणि शेवटी कपाटाची खोली. कपाटाला कंपन ओळखणारा एक छोटा सेन्सर जमल्यास जरूर लावावा. पत्र्यावर छिन्नी पडली की तो ओरडतो, दार उघडायची वाट बघत नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये गेलो तर भिंतीवर ग्राइंडर, गिरमिट, पहार आणि मोठी पक्कड नीट टांगून ठेवलेली. गॅरेजच्या दाराला साधी कडी. चोर बहुधा एवढी अवजारं घेऊन हिंडत नाही. ती त्याला तुमच्याच घरात मिळतात, आणि मग कपाटानं मिळवून दिलेली मिनिटं निम्म्यावर येतात. ती अवजारं त्याच दिवशी कुलुपात गेली. त्याला एक पैसाही खर्च आला नाही, आणि माझ्या मते त्या घरातली ती सगळ्यात मोठी सुधारणा होती.

पत्रातले शब्द

ग्रेड म्हणजे अलार्म किती हुशार चोराला पुरून उरेल याची इयत्ता. युरोपीय मानक ईएन ५०१३१ मध्ये अशा चार इयत्ता आहेत. पहिलीत अगदी नवखा चोर गृहीत धरलेला आहे. दुसरीत थोडीफार माहिती आणि थोडीफार अवजारं असलेला. तिसरीतला चोर अलार्म ओळखतो, तो कसा निकामी करायचा हे जाणतो. चौथी तिजोऱ्या-टांकसाळींसारख्या ठिकाणांसाठी. घरांना साधारणपणे दुसरी इयत्ता सांगतात, मोठा संग्रह असला तर तिसरी. फरक कुठे पडतो ते एका उदाहरणानं सांगतो. दुसऱ्या इयत्तेच्या सेन्सरचं झाकण कुणी उघडलं तर तो बोंब मारतो. पण दिवसा पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं त्याच्या काचेवर कागद चिकटवला, तर तो गप्प राहू शकतो. तिसऱ्या इयत्तेच्या सेन्सरला डोळ्यांवर पट्टी बांधल्याचंही कळावं लागतं.

पीडी ६६६२ हे ती युरोपीय मानकं ब्रिटनमध्ये कशी लावायची ते सांगणारं दस्तऐवजी बाड. तुम्हाला ते वाचायची गरज नाही. बसवणाऱ्यानं काम संपल्यावर दिलेल्या प्रमाणपत्रावर हा आकडा आणि ग्रेड दोन्ही लिहिलेले आहेत ना, एवढं बघा. ऑफिसर पुढच्या वेळी आला की तोच कागद मागेल. कुठल्या कंपनीचा डबा आहे हे तो सहसा विचारतही नाही.

मॉनिटर्ड म्हणजे अलार्मचा इशारा एका नियंत्रण कक्षात जातो. तिथे रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याला वेगळी जागा देतो.

वाजला तर येणार कोण

पुष्कळांची समजूत असते की अलार्म वाजला की पोलिस ठाण्यात घंटा वाजते. तसं काही नाही. भिंतीवरचा भोंगा फार तर वीस मिनिटं वाजून गप्प बसतो, कारण शेजाऱ्यांच्या झोपेसाठी तसा दंडक आहे. शेजारी पडदा सरकवून बघतात, पुन्हा वाऱ्यानं वाजला असेल म्हणतात आणि झोपतात. कुत्रं भुंकलं, पण उठून कंदील घेऊन बाहेर कुणी आलं नाही, तर त्या भुंकण्याचा उपयोग काय? एकाकी शेतघरात तर ते ऐकायलाही कुणी नसतं.

म्हणून ब्रिटनच्या पोलिसांनी अलार्मचे दोन वर्ग केले आहेत. ए वर्गात नियंत्रण कक्षाला जोडलेले, मान्यताप्राप्त कंपनीनं बसवलेले आणि देखभालीखाली असलेले अलार्म येतात. अशा प्रत्येक अलार्मला पोलिस एक नोंदणी क्रमांक देतात. इथे त्याला यूआरएन म्हणतात. नियंत्रण कक्षानं तो क्रमांक सांगितला की पोलिस गाडी पाठवतात, अर्थात गाडी मोकळी असली तर. बाकी सगळे अलार्म बी वर्गात. त्यांच्यासाठी नुसतं 'अलार्म वाजतोय' म्हणून भागत नाही. खरोखर काहीतरी घडतंय याचा आणखी पुरावा लागतो. कुणी काच फुटताना पाहिली किंवा माणूस आत शिरताना पाहिला, असं काहीतरी.

मान्यताप्राप्त कंपनी म्हणजे एनएसआय किंवा एसएसएआयबी या दोन तपासणी संस्थांपैकी एकीच्या यादीतली कंपनी. इतर कुणी कितीही सफाईनं काम केलं तरी त्या घराला यूआरएन मिळत नाही. डॉक्टरांनी मागवलेला ॲपवाला अलार्म इथेच अडला. तो मीच लावून दिला असता तरी त्याला क्रमांक मिळाला नसता.

क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. ब्रिटिश पोलिसांनी तिचा लेखी नियम केला आहे. बारा महिन्यांत तीन खोटे इशारे गेले की पोलिस प्रतिसाद बंद होतो. त्यानंतर फक्त तुमच्या किल्लीवाल्याला, म्हणजे घराची किल्ली ज्याच्याकडे ठेवलेली असते त्याला, फोन जातो. पोलिसांनी सांगितलं म्हणून अलार्म बसवला आणि कोळ्यानं सेन्सरवर जाळं विणलं म्हणून प्रतिसाद गेला, अशी घरं मी पाहिली आहेत. असं झालं तर परवाना विभागाला आपणहून कळवा. तुमच्या परवान्याची अट पुरी होते ती त्या प्रतिसादाच्या भरवशावरच.

खोटे इशारे टाळायला एक शहाणी पद्धत आहे. एका सेन्सरनं हाक मारली तर पोलिसांना उठवायचं नाही. ठरावीक वेळात दुसऱ्या, वेगळ्या सेन्सरनंही हाक मारली तरच इशारा पक्का धरायचा. एकाच्या शब्दावर पंचायत बसत नाही, दोन साक्षीदार लागतात, तसं. पण यातून मांडणीचा एक नियम निघतो, आणि घाईत काम उरकणारे तो विसरतात. चोराच्या वाटेवर दोन साक्षीदार असलेच पाहिजेत. बंदुकीचं कपाट मागच्या दाराला लागूनच्या खोलीत असेल आणि त्या वाटेवर सेन्सर एकच असेल, तर चोर काम उरकून जाईल आणि नियंत्रण कक्ष दुसऱ्या साक्षीची वाट बघत बसेल. बसवणाऱ्याला कागदावर घराचा नकाशा काढायला लावा. प्रत्येक दारापासून कपाटापर्यंत बोट फिरवा आणि वाटेत किती सेन्सर लागले ते मोजा.

किल्लीवाले किमान दोन लागतात. त्यांना अलार्म बंद-चालू करता आला पाहिजे, फोनवर सापडले पाहिजेत, आणि निरोप मिळाल्यापासून वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे. म्हणजे लंडनमधला मुलगा चालणार नाही, कितीही गुणी असला तरी. शेजारी जोडावे लागतात. मात्र किल्लीवाल्याला घरात बंदुका आहेत हे सांगायची गरज नाही, आणि सांगूही नये. त्याच्याकडे घराची किल्ली असते, कपाटाची नव्हे.

तांब्याची तार जाते आहे

इशारा घरातून नियंत्रण कक्षापर्यंत जाणार कसा? आजवर तो बहुतेक ठिकाणी टेलिफोनच्या तारेवरून जात होता. त्या तारेचा एक गुण होता, जो आपल्या कधी लक्षातही आला नाही. घरातली वीज गेली तरी तार जिवंत असायची, कारण तिला वीज एक्स्चेंजकडून यायची. आता फोन राउटरमधून चालतो. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद.

मागच्या हिवाळ्यात एका शेतघरी नेहमीच्या देखभालीला गेलो होतो. अलार्मच्या पॅनेलवर हिरवा दिवा, सगळं ठीकठाक. सवयीनं नियंत्रण कक्षाला चाचणीचा इशारा पाठवला आणि फोन करून विचारलं, पोचला का? पलीकडची बाई म्हणाली, "या घराकडून गेल्या सात आठवड्यांत आमच्याकडे काहीच आलेलं नाही." जिन्याखाली वाकून बघितलं. ब्रॉडबँडवाल्यानं नवा राउटर बसवताना जुन्या सॉकेटमधली वायर काढली होती आणि नीट गुंडाळून, पिवळी टेप लावून बाजूला ठेवली होती. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला आमचा अलार्म होता. नऊ बंदुका असलेलं घर सात आठवडे मुकं होतं. मालक रोज रात्री कोड दाबून निश्चिंत झोपत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला अजून आठवतो. आणि नियंत्रण कक्षातही सात आठवड्यांच्या या शांततेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, कारण त्या जुन्या करारात रोजची हजेरी घेण्याची सोयच नव्हती.

म्हणून आज नवा अलार्म घेताना दोन रस्ते मागा. एक ब्रॉडबँडवरून, दुसरा मोबाइल नेटवर्कवरून. घाटात दरड कोसळली तर गाडी दुसऱ्या वाटेनं काढता आली पाहिजे. दोन्ही रस्त्यांची हजेरी ठरावीक वेळानं आपोआप घेतली जाते का, आणि एक तुटला तर किती वेळात कळतं, हे कंपनीला विचारा. उत्तर लेखी घ्या. मोबाइलचा रस्ताही तपासून घ्या. ब्रिटनमध्ये मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद करत आणलं आहे, आणि २जी फार तर २०३३ पर्यंत चालेल. शेतघराच्या जाड दगडी भिंतीआड नेमक्या कुठल्या नेटवर्कचा पट्टा लागतो, हे अँटेना हातात धरून बघितल्याशिवाय कळत नाही.

जुना अलार्म असेल तर आजच एक काम करा. नियंत्रण कक्षाला आधी फोन करून 'चाचणी घेतोय' म्हणून सांगा, अलार्म वाजवा आणि इशारा पोचला का ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. बीटी या टेलिफोन कंपनीची रेडकेअर ही जुनी, नावाजलेली इशारा-सेवा २०२५ मध्ये बंद झाली. तिचं नाव अजून तुमच्या कागदपत्रांवर असेल, तर पुढं काय व्यवस्था झाली हे कंपनीला विचारलंच पाहिजे.

विजेसाठी पॅनेलमध्ये बॅटरी असते. ग्रेड २ ला ती किमान १२ तास पुरावी लागते. पण राउटरला अशी बॅटरी नसते, हे विसरू नका.

'ॲप आहे की माझ्याकडे'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्यही आहे. घरात काय चाललंय ते मोबाइलवर दिसतं, ही मोठी सोय आहे. चोर कॅमेऱ्यात स्पष्ट दिसला आणि तुम्ही ९९९ फिरवून 'माणूस आत आहे, मला दिसतोय' म्हणून सांगितलंत, तर तो पुरावाच झाला. पोलिस येतील. पण हे सगळं तुम्ही त्या क्षणी जागे असलात, फोन हातात असला आणि नेटवर्क असलं तर. तुम्ही सोलापूरला लग्नाला गेलेले असता, वऱ्हाडाची धावपळ चालू असते आणि फोन पिशवीत असतो. आपल्या जागी दुसऱ्या कुणीतरी जागं राहावं, याचेच नियंत्रण कक्षाला पैसे देतो आपण.

"माझं घर कधी रिकामं नसतं" असंही लोक म्हणतात. मग रात्रीचं काय? वरच्या मजल्यावर सगळे झोपलेले असताना फक्त खालच्या मजल्याचा अलार्म चालू ठेवता येतो, त्याला पार्ट सेट म्हणतात. कपाटाचा सेन्सर तर चोवीस तास जागा ठेवता येतो, घरात माणसं असली तरी. कपाट उघडायच्या आधी मालकानं कोड दाबायचा. ही सवय लागायला आठवडा जातो.

काही जण विचारतात की अलार्मची पेटी दिसली, तर या घरात काहीतरी मोलाचं आहे असं चोराला नाही का वाटणार? इथे रस्त्यावरच्या कितीतरी घरांवर पेटी असते, तेवढ्यानं कुणाचं लक्ष वेधलं जात नाही. लक्ष वेधतात त्या दुसऱ्या गोष्टी: गाडीवरचा शूटिंग क्लबचा स्टिकर, काडतुसांचे रिकामे खोके कचऱ्यात, फेसबुकवर नव्या बंदुकीसोबतचा फोटो.

आणि एक आक्षेप असा, की परवानाधारकच माणसं मारायला निघाला तर अलार्मचा काही उपयोग नाही. त्याला मी प्रामाणिकपणे होच म्हणेन. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथला पाच जण मारले गेले. दोन्ही वेळा बंदुका परवान्याच्या होत्या आणि चालवणारा स्वतः परवानाधारक होता. प्लिमथच्या माणसाला तर काढून घेतलेली बंदूक पोलिसांनीच काही आठवड्यांपूर्वी परत दिली होती. जगातला कुठलाही अलार्म अशा घटना थांबवू शकत नाही. त्यासाठी परवाना देतानाची पारख कडक लागते. अलार्म फक्त चोरीच्या वाटेवर बसतो. मला ती वाट बंद करणंही तितकंच मोलाचं वाटतं, कारण घरातून गेलेली बंदूक पुढं कुणाच्या हातात जाते हे मालकाला कधीच कळत नाही.

किल्ली आणि नावं

आपल्या घरांत एक गोष्ट जड जाते. कपाटाची किल्ली घरातल्या माणसांपासून लपवायची आपल्याला सवय नाही. इथे मात्र परवाना एकाच्या नावावर असेल तर किल्ली कुठे आहे हे बायकोलाही ठाऊक असता कामा नये, मुलांना तर नाहीच. तिचाही परवाना असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पहिल्यांदा हे ऐकून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला कुणी धमकावून विचारलं तरी मला सांगताच येणार नाही. बरंय की!" नियमामागचं कारण याहून सोप्या शब्दांत मी कुणाकडून ऐकलेलं नाही. धमकावण्याचा विषय निघालाच म्हणून सांगतो, पलंगाशी एक गुपचूप दाबायचं बटण बसवता येतं. त्याचा इशारा वेगळा जातो.

गावाकडे निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात. इथल्या काही जणांना लांबच्या प्रवासाआधी तसंच करावंसं वाटतं, आणि नोंदणीकृत बंदूक विक्रेत्याकडे ती ठेवता येते. महिना-दोन महिने भारतात जाणार असाल तर अलार्मवर सगळा भार टाकण्यापेक्षा हे बरं.

पॅनेलवर प्रत्येक सेन्सरला नाव द्यावं लागतं, म्हणजे कुठला वाजला ते कळतं. एका घरी आधीच्या कारागिरानं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'गन कॅबिनेट, वरची खोली'. सफाईवाली, प्लंबर, पार्सलवाला, दाराशी उभा राहणारा प्रत्येक माणूस ते वाचू शकत होता. मी तिथे नाव बदलून 'कपाट २' केलं.

डॉक्टरांकडचं काम दोन दिवसांत झालं. ॲपवालं खोकं परत गेलं. शेवटी मी त्यांनाच चोर व्हायला सांगितलं: स्वयंपाकघराच्या दारानं आत या, जिना चढा, कपाटाला हात लावा. मी नियंत्रण कक्षाशी फोनवर होतो. पलीकडून आवाज आला, "पहिला इशारा, मागचं दार." मग क्षणभर शांतता. वर जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. "दुसरा इशारा, जिना. पक्का झाला. खरा असता तर आत्ता पोलिसांना फोन लावला असता." डॉक्टरांनी वरून विचारलं, "किती सेकंद?" मी घड्याळ बघितलं. अकरा. ते अजून कपाटाच्या खोलीच्या दारातच होते.